नातवाचे उशिरा चालणे: घराण्याचा गुण, पावसाळ्याचा परिणाम की झोळीची सवय?

प्रश्न: आगरातले आजोबा (गुहागर तालुका)

नमस्कार. आमच्या नातवाला नुकतेच चौदा महिने पूर्ण झाले. गेल्या संक्रांतीला तो जेमतेम दोन महिन्यांचा होता, म्हणून बोरन्हाण यंदा केले. त्या दिवशी घरात जमलेल्या बायकांनी बोरे-चुरमुरे वेचता वेचता एकच विषय लावून धरला, तो म्हणजे हा अजून चालत कसा नाही. ठाण्याची माझी नात, म्हणजे लेकीची मुलगी, अकराव्या महिन्यात चालू लागली होती आणि ती त्या वेळी तिथेच घरभर धावत असल्यामुळे तुलना टाळता येण्यासारखी नव्हती.

नातू उत्तम बसतो, हाताने वस्तू नीट उचलतो, हाक मारली की वळून पाहतो. परंतु तो कधी रांगलाच नाही. फतकल मारून बसतो आणि एक हात जमिनीला टेकून बसल्या बसल्या पुढे सरकतो, तेही चांगल्या वेगाने. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, ह्याचा बापही असाच सरकत असे आणि दीड वर्षाचा झाल्यावरच उभा राहून चालला, तेव्हा हा घराण्याचाच गुण आहे. सूनबाईला वाटते की, नेमका रांगण्याच्या वयात पावसाळा आला, जमीन ओली, कोपऱ्याकोपऱ्यात फुरसे-विंचवाची धास्ती, त्यामुळे पोर चार महिने झोळीत आणि मांडीवर राहिले, त्याचा हा परिणाम. विहीणबाईंच्या मते बाळाला न्हाऊ घालणारी बाई सव्वा महिन्यातच बंद केली आणि मालिश कमी पडले, हेच खरे कारण.

मी निवृत्त तलाठी आहे. जमिनीच्या वाटण्या करण्यात आयुष्य गेले, त्यामुळे माझ्या मनात प्रश्न असा येतो की, आनुवंशिकता, परिस्थिती आणि अनुभव या तिघांचा मुलाच्या हालचालींच्या विकासात वाटा किती किती असतो? आणि आमच्या नातवाच्या बाबतीत यांपैकी कोणाला जबाबदार धरायचे? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: सड्यावरची (रत्नागिरी जिल्हा)

काका, मी लहान मुलांसाठी फिजिओथेरपीचे काम गेली बरीच वर्षे करते आहे. आपण वाटणीचा प्रश्न विचारलात, परंतु त्याआधी एक प्रश्न निकालात काढू, तो म्हणजे याला उशीर म्हणायचे का.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचालींची नोंद आहे. भारतातील मुले दक्षिण दिल्लीतील होती. या मुलांमध्ये आधाराशिवाय बसण्याचे वय ३.८ ते ९.२ महिने आणि स्वतंत्रपणे चालण्याचे वय ८.२ ते १७.६ महिने असे आढळले. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल, दोन्ही सामान्यच. आपली नात आणि नातू एकाच पट्ट्याच्या दोन जागी उभे आहेत, इतकेच. याच अभ्यासात सुमारे ४.३ टक्के मुले हातापायांवर कधी रांगलीच नाहीत, असेही दिसले. त्यामुळे रांगणे हा चालण्याआधीचा अनिवार्य टप्पा आहे, ही समजूत सोडून द्यायला हरकत नाही.

आता नातवाच्या सरकण्याविषयी. बसल्या बसल्या सरकणारी मुले आम्हाला नेहमी भेटतात. त्यांना पालथे पडलेले आवडत नाही, उभे धरले तर ती पाय जमिनीला टेकवण्याऐवजी पुढे उचलून धरतात, जणू हवेतच बसली आहेत, आणि त्यांचे चालणे बहुधा लांबते. या मुलांच्या घरी चौकशी केली तर बापाने, आत्याने किंवा मामाने असेच सरकल्याची आठवण पुष्कळदा निघते. तेव्हा काकूंचे म्हणणे मुळीच टाकाऊ नाही.

मात्र “घराण्यातच आहे” हे वाक्य ऐकले की माझे कान टवकारतात, कारण त्या वाक्यावर विसंबून लोक तपासणी पुढे ढकलतात. घराण्यात निरुपद्रवी उशीर येतो, तसे आजारही येतात. डुशेन नावाचा स्नायूंचा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो, तो पुष्कळदा आईच्या बाजूने येतो आणि त्याची पहिली खूण कित्येकदा उशिरा चालणे एवढीच असते. म्हणूनच दीड वर्षापर्यंत न चालणाऱ्या मुलग्याच्या रक्तातील सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारा घटक) तपासून घ्यावे, असे सांगितले जाते. आपल्या नातवाला तो आजार असेल असे सुचवण्याचा हेतू नाही, घाबरू नये. परंतु पुढील गोष्टी आजच पाहाव्यात: बाळ फार सैल किंवा ताठ वाटते का, एकच हात सतत वापरतो आणि दुसरा मुठीत राहतो का, आधी येत असलेली एखादी हालचाल बंद पडली का. यांपैकी काहीही असेल तर वयाचा पट्टा न पाहता लगेच दाखवावे. बाळाचे दिवस पूर्ण भरले होते का, हेही कळवावे, कारण दोन महिने आधी जन्मलेल्या मुलाचे वय पहिली दोन वर्षे तेवढे वजा करूनच मोजतात.

आणखी एक, ज्याकडे बोरन्हाणाच्या गप्पांत कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, ते म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. आईकडून मिळालेला लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो, त्यानंतर बाळ नुसत्या पेजेवर आणि दुधावर राहिले तर लोह कमी पडते, आणि लोह कमी पडलेले मूल लवकर थकते, हालचाल कमी करते आणि हालचालींत मागे राहते. मालिशबद्दल विहीणबाईंना सांगा की त्याने बाळाला बरे वाटते, शांत झोप लागते, परंतु मालिश कमी पडले म्हणून चालणे लांबले, असे मी मानत नाही.

उत्तर: पडवीतला वाचक

सड्यावरच्या ताईंनी व्यावहारिक बाजू चांगली मांडली आहे. मी अध्यापक विद्यालयात अनेक वर्षे बालमानसशास्त्र शिकवले, त्यामुळे वाटणीच्या प्रश्नाकडे वळतो. हा प्रश्न गेल्या शतकात अनेकांनी आपल्यासारखाच विचारला आणि त्याची उत्तरे आलटून पालटून दोन्ही बाजूंना गेली.

आर्नोल्ड गेझेल आणि हेलन थॉम्पसन यांनी १९२९ साली जुळ्या बहिणींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एका बहिणीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे जिना चढण्याचा सराव दिला, दुसरीला काहीच दिले नाही. पुढे ५३व्या आठवड्यापासून दुसरीला फक्त दोन आठवडे सराव दिला आणि तिने पहिलीला गाठले. गेझेल यांचा निष्कर्ष असा की, शरीर आणि मज्जासंस्था परिपक्व होण्याआधी केलेली मेहनत फारशी फळत नाही. आपल्याकडे “वेळ आली की आपोआप चालेल” म्हणणाऱ्या आज्या याच मताच्या. यात एक गोम आहे. जिच्याकडून सराव करून घेतला नाही ती मुलगी त्या सहा आठवड्यांत पाय बांधून बसलेली नव्हती, ती रांगत होती, उभी राहत होती, म्हणजे पायांना काम मिळतच होते.

मर्टल मॅग्रॉ यांनी १९३५ साली जॉनी आणि जिमी या जुळ्या भावांविषयी लिहिले, तेव्हा चित्र अधिक बारकाईने दिसले. जॉनीला लहानपणापासून पोहणे, उतार चढणे, चाकांच्या बुटांवरून घसरणे यांचा भरपूर सराव दिला. बसणे, चालणे यांत दोघांमध्ये फारसा फरक पडला नाही, परंतु चाकांचे बूट जॉनी दीड वर्षाच्या आतच चालवू लागला. म्हणजे जी हालचाल माणसाच्या प्रत्येक पोराला येतेच, तिच्यावर शिकवणीचा परिणाम थोडा, आणि जी शिकल्याशिवाय येत नाही, तिच्यावर प्रचंड. (हे भाऊ एकसारखे जुळे नव्हते, हे पुढे लक्षात आले, ही या प्रयोगाची लंगडी बाजू.)

आता नातवाशी थेट संबंध असलेला अभ्यास सांगतो. वेन डेनिस यांनी १९६० साली तेहरानमधील तीन अनाथालयांविषयी लिहिले. त्यांपैकी दोन ठिकाणी बाळांना दिवसभर खाटल्यात पाठीवर निजवून ठेवत, उचलून घेणारे कोणी नसे, पालथे कधीच घालत नसत. तेथील कित्येक मुले दुसऱ्या वर्षातही आधाराशिवाय बसू शकत नव्हती आणि तीन वर्षांची झाली तरी बहुतेकांना चालता येत नव्हते. तिसऱ्या संस्थेत बाळांना उचलून घेत, बसवत, पालथे घालत. तेथील मुले जवळजवळ इतर मुलांसारखीच वाढत होती. आणि काका, पहिल्या दोन संस्थांतील मुले चालण्याआधी पुढे कशी जात, ते ऐका: रांगत नव्हती, बसल्या बसल्या सरकत होती! डेनिस यांनी त्याचे कारण असे दिले की, पालथे पडण्याचा अनुभवच नसल्यामुळे हातापायांवर येण्याची वाट त्यांना सापडलीच नाही.

त्यामुळे ताईंच्या मताला थोडी पुस्ती जोडावीशी वाटते. तीच सरकण्याची तऱ्हा एका घरात रक्तातून आलेली असू शकते आणि दुसऱ्या घरात पाठीवर निजवून ठेवल्यामुळे. बाहेरून पाहून दोन्ही ओळखता येणार नाहीत. आपला मुलगा त्याच झोळीत, त्याच आजीच्या किंवा पणजीच्या हाताखाली, त्याच पावसात वाढला असेल, तर बापासारखा मुलगा झाला यावरून रक्ताचा पुरावा मिळत नाही, कारण सातबाऱ्यावर जमिनीबरोबर विहिरीची नोंद यावी तशी झोळीही वारशातच आली. आपला मुलगा कोणत्या महिन्यातला आहे?

वाटा किती, याचे आकडेही उपलब्ध आहेत. २०२५ साली युरोपीय वंशाच्या ७० हजारांहून अधिक बालकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चालायला लागण्याच्या वयातील फरकांपैकी सुमारे २४ टक्के फरक सर्रास आढळणाऱ्या जनुकीय भेदांशी निगडित असल्याचे दिसले. परंतु तलाठी म्हणून आपण हा आकडा वाचाल तर चुकाल. तो हजारो मुलांमधील फरकाविषयी आहे, एका मुलाच्या उशिराचे चोवीस पैसे जनुकांच्या नावावर टाकता येतील, असा त्याचा अर्थ नाही. भात पिकले ते बियाण्यामुळे किती आणि पावसामुळे किती, हे एका चोंढ्यापुरते विचारून पाहा.

ही वाटणी का जमत नाही, हे एस्थर थेलन यांच्या १९८४ सालच्या कामातून मला उमगले. नवजात बाळाला उभे धरून तळवे टेकवले तर ते पावले टाकल्यासारखे पाय हलवते आणि दोनेक महिन्यांत ही हालचाल नाहीशी होते. मेंदू वाढला म्हणून ती गेली, असे पूर्वी पाठ्यपुस्तकांत शिकवत आणि मीही तसेच शिकवले. थेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हालचाल थांबलेल्या बाळांचे पाय पाण्यात सोडले, तर पावले पुन्हा पडू लागली! बाळाने बाळसे धरले, मांड्या जड झाल्या, स्नायूंचे बळ मात्र तेवढ्या वेगाने वाढले नाही, म्हणून पाय उचलेनासा झाला होता. पाण्याने वजन पेलले आणि पाय मोकळा झाला. आता यात आनुवंशिकता कोणती, परिस्थिती कोणती?

उत्तर: दांडी किनारा (मालवण)

वरची चर्चा वाचून आमच्याकडची एक गोष्ट लिहावीशी वाटली. आम्ही गाबीत, म्हणजे किनाऱ्यावर मासेमारी करणारे. “तुमच्या पोरांना पोहणे रक्तातच असते” असे पर्यटक आम्हाला कौतुकाने सांगतात. माझ्या सख्ख्या भावाची दोन मुले डोंबिवलीत वाढली, रक्त तेच, आणि मे महिन्यात येतात तेव्हा गुडघाभर पाण्यापुढे जात नाहीत. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना कमरेला दोन सुके, न सोललेले नारळ बांधून खाडीत उतरला आणि दुसऱ्या वर्षी एकच नारळ, तिसऱ्या वर्षी एकही नाही, अशा रीतीने शिकला.

मात्र खरी टोचणी वेगळीच आहे. माझ्या आईचा जन्म याच किनाऱ्यावरचा, तिने साठ वर्षे मासे विकले, परंतु तिला पोहता येत नाही. तिच्या भावांना येते. बाप तोच, समुद्र तोच, पाणी घरापासून पन्नास पावलांवर. मुलींना कोणी उतरू दिले नाही, एवढेच. परिस्थिती आणि अनुभव हे दोन शब्द वेगळे का आहेत, ते मला आईकडे पाहून कळते. समुद्र समोर असणे ही परिस्थिती झाली, त्यात उतरायला मिळणे हा अनुभव. माझ्या मुलीला मी नारळ बांधले तेव्हा आई ओट्यावर उभी राहून ओरडत होती.

होडीत वाढणाऱ्या पोरांचा तोलही लोकांना जन्मजात वाटतो. तोही हलत्या फळीवर उभे राहून राहून आलेला असतो. पाग फेकायला शिकताना पहिले कित्येक दिवस जाळे उघडतच नाही, गोळा होऊन पडते, आणि त्या वेळी कोणी रक्ताची आठवण काढत नाही.

उत्तर: घाटमाथा

इतका विचार कशासाठी? बाजारात चाकांचे वॉकर मिळतात, त्यात बसवा. आमचा महिन्याभरात घरभर फिरू लागला.

प्रश्नकर्ते: आगरातले आजोबा

सर्वांचे आभार. ताई, बाळाचे दिवस पूर्ण भरले होते. दोन्ही हात सारखे वापरतो. उभे धरले की पाय वर उचलून धरतो, हे तर आपण येऊन पाहिल्यासारखे लिहिले आहे. रक्त तपासलेले नाही, आणि आहारात पेज आणि दूधच अधिक आहे, हे सूनबाईने कबूल केले.

सर, आपला प्रश्न वाचून मी जुनी टिपणवही काढली. मुलगा दिवाळीनंतरचा, म्हणजे नातवाच्याच महिन्यातला निघाला! तोही आठव्या महिन्याचा असताना आषाढ चालू होता, तेव्हा तर घर शेणाने सारवलेले, जमीन चार महिने ओलसर, आणि माझ्या मातोश्रींनी त्याला झोळीतून खाली उतरू दिले नव्हते. उलट माझी लेक वैशाखातली, ती रांगायला लागली तेव्हा पौष-माघ होता, अंगण कोरडे, खळे नुकतेच सारवलेले, आणि ती दिवसभर उन्हात रांगत असे. ती दहाव्या महिन्यात चालली. मी इतकी वर्षे हिशेब ठेवूनही हा मेळ कधी घातला नव्हता. आता सूनबाईची बाजू जिंकली, असे घरात जाहीर करावे का?

आणि वॉकरबद्दलही सांगावे. माळ्यावर मुलाचा जुना लाकडी पांगुळगाडा आहे.

उत्तर: पडवीतला वाचक

इतक्यात जाहीर करू नका. एका घरातील दोन भावंडांवरून ऋतूचा नियम निघत नाही. मात्र आपला मेळ अगदीच हवेतला नाही. अमेरिकेतील डेन्व्हर आणि इस्रायलमधील हैफा येथील अभ्यासांत, ज्या बाळांचे रांगण्याचे वय हिवाळ्यात आले ती इतरांपेक्षा काही आठवडे उशिरा रांगू लागली, असे दिसले आहे. जाड कपडे, अंथरुणात अधिक वेळ आणि जमिनीवर कमी वेळ अशी कारणे त्यामागे मानली जातात. तिकडे थंडी जे करते ते आपल्याकडे पाऊस करत असावा, हा माझा तर्क आहे. तरी काही आठवडे आणि आपल्या मुलाचे सहा-आठ महिने यांत अंतर आहे, तेव्हा काकूंची बाजूही शाबूत आहे.

उत्तर: सड्यावरची

सरांनी डेनिस यांचा दाखला दिला तो मला ठाऊक नव्हता. सरकणाऱ्या मुलांच्या घरी मी आजवर “आधी कोण सरकत होते” हेच विचारत आले, आता बाळाला पालथे किती वेळ ठेवत होता, हेही विचारीन. झोपताना पाठीवर ठेवणे योग्यच आहे, त्यात बदल नको. जागेपणी आणि कोणाचे तरी लक्ष असताना पालथे ठेवायचे असते, ते राहून जाते.

चाकांच्या वॉकरला माझा स्पष्ट विरोध आहे. त्यात मूल बसलेले असते, फक्त बोटांनी जमीन ढकलते, तोल सांभाळण्याचे काम खुर्ची करते आणि स्वतःचे पाय त्याला दिसतही नाहीत. वॉकर वापरणारी मुले उलट काहीशी उशिरा चालतात, असे अभ्यासांत दिसले आहे, आणि जिन्यावरून पडण्याच्या अपघातांमुळे कॅनडाने २००४ सालापासून त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. चिऱ्याच्या पायऱ्या असलेल्या कोकणातल्या घरात तर तो नकोच. पांगुळगाड्याचे तसे नाही. त्यात मूल स्वतः उभे राहते, स्वतःचे वजन स्वतःच्या पायांवर घेते आणि हात सुटला तर खाली बसते. पडण्याची फार काळजी करू नका. कॅरेन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली मोजले, तेव्हा नुकती चालू लागलेली मुले मोकळ्या खेळात तासाला सरासरी २३६८ पावले टाकत आणि १७ वेळा पडत असल्याचे आढळले.

आता थंडी आहे, अंगण कोरडे आहे, हे तीन-चार महिने हातचे घालवू नका. अनवाणी पायांनी त्याला ओटीच्या पायरीशी उभे करा आणि त्याच्या आवडीची वस्तू वरच्या पायरीवर ठेवा, म्हणजे पाय टेकवण्याला कारण मिळेल. पाय उचलून धरले तर सक्ती करू नका, आधी आपल्या मांडीवर बसवून तळवे जमिनीला लागू द्या. पेजेबरोबर कुळथाची पिठी, अंडे, खात असाल तर मासे सुरू करा आणि रक्त या आठवड्यातच तपासा. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते तेव्हा त्यालाही दाखवा, गरज वाटल्यास ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. मे महिन्यात तो दीड वर्षाचा होईल. तोवर चालला नाही, तर घराणे आणि पाऊस हे दोन्ही वाद बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जायचे.

पांगुळगाडा माळ्यावरून जरूर काढा, सांधे आणि खिळे तपासा, परंतु चाकांना तेल घालू नका. गाडा थोडा जड चालला म्हणजे मुलाच्या पुढे पळत नाही.